जागच्या जागी वळणाऱ्या गाड्या : पार्श्वभूमी

मर्सिडीज-बेंझने एप्रिल २०२४ मध्ये बीजिंगच्या वाहन प्रदर्शनात आडवाटांसाठी घडवलेल्या जी-क्लास गाडीची विजेवर चालणारी आवृत्ती, म्हणजेच ‘जी ५८०’, सादर केली, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः तिच्या ‘जी-टर्न’ची. सैल मातीवर किंवा वाळूवर तीन टनांहून जड असलेली ही गाडी पुढे-मागे न जाता स्वतःभोवती सुमारे दोन फेऱ्या घेऊ शकते. तिच्याच पेट्रोल आणि डिझेल भावंडांना हे का जमत नाही, याचे उत्तर जुन्या यंत्ररचनेत आहे.

जी-क्लास १९७९ साली ऑस्ट्रियातील ग्रात्झ येथे तयार होऊ लागली. एका इंजिनाची ताकद शाफ्ट आणि डिफरेन्शियलमधून चारही चाकांपर्यंत पोहोचवायची, ही तिची मूळ रचना. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, ती मुभा डिफरेन्शियल देते. परंतु एक चाक चिखलात फिरत राहिले तर सगळी ताकद तिथेच वाया जाते. म्हणून या गाडीला तीन डिफरेन्शियल लॉक दिले गेले आणि तीच तिची ओळख बनली. मात्र लॉक लावले की दोन्ही बाजूंची चाके एकाच वेगाने फिरतात, गाडी सरळच जाऊ पाहते आणि वळण अधिकच जड होते. चिखलातून बाहेर काढणारी सोयच वळण्याच्या आड येते.

यावर पारंपरिक गाड्यांनी ब्रेकचा आधार घेतला. शेताच्या बांधाशी आल्यावर ट्रॅक्टरचालक आतल्या बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर फिरवतो. टोयोटा लँड क्रूझरचा ‘टर्न असिस्ट’ आणि फोर्डने २०२० मध्ये ब्रॉंकोसोबत दाखवलेला ‘ट्रेल टर्न असिस्ट’ हे आतले मागचे चाक रोखून तेच काम संगणकाच्या मदतीने करतात. २०२१ च्या रेंज रोव्हरने वेगळी वाट धरली : तिची मागची चाके सात अंशांपर्यंत वळतात आणि एवढी लांब गाडी अकरा मीटरांहून कमी व्यासात फिरते. तरीही यांपैकी कोणतीही गाडी एका बाजूची चाके पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे चालवू शकत नाही.

त्यासाठी प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर हवी. चाकातच मोटर बसवण्याची कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी लोनर कंपनीसाठी घडवलेली तशी विद्युत गाडी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली होती. आधुनिक काळात अमेरिकेच्या रिव्हियनने २०१९ मध्ये ‘टँक टर्न’ची, म्हणजे रणगाड्यासारखे जागच्या जागी वळण्याची, चित्रफीत दाखवली, परंतु विक्रीला आलेल्या सुरुवातीच्या गाड्यांत ती सोय दिली नाही, आडवाटांची नासधूस होण्याची काळजी हे त्यामागचे एक कारण होते. २०२३ मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीच्या यांगवांग यू८ ने चार मोटरींच्या जोरावर ती बाजारात आणली. जी ५८० मध्ये प्रत्येकी १०८ किलोवॅटच्या चार मोटरी आहेत, प्रत्येकीला आपला गिअरबॉक्स आहे आणि यांत्रिक लॉकची जागा सॉफ्टवेअरने घेतली आहे. चालक लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) निवडतो, जी-टर्नचे बटण दाबतो, स्टीअरिंगमागच्या पॅडलने दिशा ठरवतो आणि ॲक्सिलरेटर देतो.

डांबरी रस्त्यावर मात्र हे करायचे नसते, कारण तिथे टायर घसरण्याऐवजी पकड धरतात आणि सगळा ताण टायरांवर व यंत्रणेवर येतो. त्यामुळे प्रत्यक्ष उपयोगाच्या दृष्टीने याच गाडीतील ‘जी-स्टीअरिंग’ अधिक मोलाचे वाटते : आडवाटेवर ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या वेगात ते प्रत्येक चाकाची ताकद वेगवेगळी ठेवते आणि गाडीला अरुंद वळणातून, मागे न घेता, बाहेर काढते.