मृग लागतो तेव्हा मृग कुठे असतो?

जूनच्या ७ किंवा ८ तारखेला, पावसाचा थेंबही पडलेला नसला तरी, ‘मृग निघाला’ ही बातमी कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी पोहोचते. भाताची धूळवाफ पेरणी बऱ्याच ठिकाणी रोहिणीतच उरकलेली असते, उरलेल्या पेरण्यांची घाई सुरू होते, आणि पहिली सर पडली की लाल मखमली अंगाचे मृगाचे किडे मातीतून वर येतात. ते सर्वांत आधी मुलांनाच दिसतात. अशा वेळी पाच-सहा वर्षांच्या एखाद्या मुलीने ‘मृग म्हणजे तारे ना, मग ते मला दाखवा’ असा हट्ट धरला, तर तिला बहुधा ‘आता ढग आहेत, ढग गेले की दिसतील’ असे उत्तर मिळते. हे उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी ते चूक आहे. आभाळ स्वच्छ असते तरी जूनच्या रात्री मृग दिसले नसते, कारण ज्या दिवसांत मृग नक्षत्र ‘लागते’, नेमक्या त्याच दिवसांत ते आकाशात दिसू शकत नाही.

लहान मुलांना ताऱ्यांची ओळख कोठून करून द्यावी, असे पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात. माझ्या मते ती याच प्रश्नापासून करून द्यावी. मृग हा शब्द आपल्याकडच्या मुलाच्या कानावर शाळेत जाण्यापूर्वीच पडलेला असतो, आणि तो दिसत का नाही याचे उत्तर शोधताना पृथ्वीच्या दोन्ही गती त्याला पुस्तकाशिवाय समजू शकतात.

प्रथम ‘नक्षत्र लागणे’ याचा अर्थ पाहू. सूर्य वर्षभरात आकाशातील ज्या मार्गाने सरकताना भासतो, त्या मार्गाचे आपल्या पूर्वजांनी सत्तावीस समान भाग केले आणि प्रत्येक भागाला तेथील ताऱ्यांवरून नाव दिले. एका भागातून जायला सूर्याला साडेतेरा दिवस लागतात. मृग लागले याचा अर्थ सूर्य मृगाच्या भागात शिरला, एवढाच आहे. पृथ्वीवरून पाहताना सूर्य ज्या दिशेला असतो त्या दिशेचे तारे सूर्याबरोबर उगवतात, दिवसभर त्याच्यासोबत आकाशातून जातात आणि त्याच्याबरोबर मावळतात. जूनमध्ये मृग भर दुपारी आपल्या माथ्यावर असते, पण दिवसाच्या उजेडामुळे दिसत नाही.

शेतकऱ्यांनी या विभागांचा उपयोग कालगणनेसाठी केला आणि तो अत्यंत शहाणपणाचा होता. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, ही नावे म्हणजे पावसाळ्याचे पिढ्यान्‌पिढ्या जपलेले वेळापत्रक आहे. मात्र त्याच पंचांगात प्रत्येक नक्षत्राला बेडूक, म्हैस, कोल्हा असे एखादे वाहन दिलेले असते आणि त्यावरून पाऊस किती पडेल हे सांगितले जाते, त्याला कोणताही आधार नाही. वाहन आकडेमोडीने ठरवले जाते; त्या आकडेमोडीत वाऱ्याचा, समुद्राच्या तापमानाचा किंवा बाष्पाचा कोठेही संबंध येत नाही. जन्मनक्षत्रावरून मुलाची बुद्धी ठरवण्याचेही तसेच आहे. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी हा दावा सहकाऱ्यांसह प्रत्यक्ष तपासला होता. हुशार मुलांच्या १०० आणि बौद्धिकदृष्ट्या विशेष मुलांच्या १०० अशा २०० पत्रिकांतून प्रत्येकी ४० पत्रिका २७ ज्योतिष्यांनी पाहिल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील हे ओळखण्यात त्यांची उत्तरे ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून ठरवले असते तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. मुलाला मृग दाखवताना ‘हे तुझे नक्षत्र, हे तुझ्या नशिबात’ असे काही सांगू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता ते न दिसण्याचे कारण मुलाला कसे समजावे? त्यासाठी दिवाळीतला आकाशकंदील पुरेसा आहे. खोलीच्या मध्यभागी, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, दिवा लावलेला कंदील टांगावा आणि इतर दिवे बंद करावेत. एका भिंतीवर मृगाचे चित्र लावावे. कंदिलापाशी उभे राहून मृगाकडे तोंड केले असता डाव्या हाताला येणाऱ्या भिंतीवर सिंह, मागच्या भिंतीवर वृश्चिक आणि उजव्या हाताच्या भिंतीवर भाद्रपदांचा मोठा चौकोन लावावा. कंदील हा सूर्य, मूल ही पृथ्वी आणि मुलाचे नाक म्हणजे कोल्हापूर, असे ठरवून घ्यावे. नाक कंदिलाकडे असेल तेव्हा कोल्हापुरात दुपार, आणि पाठ कंदिलाकडे असेल तेव्हा मध्यरात्र.

मुलाला प्रथम कंदील आणि मृगाची भिंत यांच्यामध्ये, कंदिलाकडे पाठ करून उभे करावे. समोर मृग दिसते. हा डिसेंबर महिना आहे, आणि म्हणूनच डिसेंबरात मृग संध्याकाळी उगवून रात्रभर दिसते. मग कंदील डाव्या हाताला ठेवून मुलाने त्याभोवती चालायला लागावे. अंबाबाईच्या देवळात आपण प्रदक्षिणा घालतो तेव्हा देवी उजव्या हाताला असते. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी उत्तरेकडून पाहिली असता याच्या बरोबर उलट दिशेने होते, ही गोष्ट मुले एकदा चालली की विसरत नाहीत. पाव फेरी झाली की मध्यरात्रीच्या भिंतीवर सिंह येतो, हा मार्च. अर्धी फेरी झाली की वृश्चिक येतो, हा जून. या ठिकाणी मुलाला ‘आता मृग शोध’ असे सांगावे. मूल वळते, आणि मृगाचे चित्र कंदिलाच्या पलीकडे, त्याच्या झगझगाटात सापडते. यानंतर फारसे समजावून सांगावे लागत नाही.

थोड्या मोठ्या, आठ-नऊ वर्षांच्या मुलांबरोबर याच खोलीत आणखी एक गोष्ट करता येते, आणि संपूर्ण विषयात मला ती सर्वांत सुंदर वाटते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी किती वेळात पूर्ण करते, या प्रश्नाला आपण सगळे २४ तास असे उत्तर देतो. ताऱ्यांच्या संदर्भात मोजले तर ही फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते. उरलेली जवळजवळ चार मिनिटे कशासाठी लागतात, हे मुलाला स्वतःच्या शरीराने अनुभवता येते. मुलाने कंदिलाकडे नाक करून उभे राहावे आणि कंदिलामागची भिंत लक्षात ठेवावी. मग डावीकडे वळत स्वतःभोवती एक गिरकी घ्यावी, पण गिरकी घेता घेता फेरीच्या वाटेवर एक पाऊल पुढेही सरकावे. नाक पुन्हा त्याच भिंतीकडे आले की ताऱ्यांच्या हिशेबाने एक फेरी पूर्ण झाली. पण कंदील आता नाकासमोर नाही. तो किंचित डावीकडे राहिला आहे, आणि नाक त्याच्याकडे आणण्यासाठी आणखी थोडे वळावे लागते. पृथ्वी रोज आपल्या कक्षेत सुमारे एक अंश पुढे सरकते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर येण्यासाठी तिला रोज सुमारे एक अंश जास्त फिरावे लागते. ३६० अंश फिरायला २४ तास लागत असतील, तर एका अंशाला चार मिनिटे लागणार.

याचाच दुसरा अर्थ असा की आपण सूर्यावर लावलेल्या घड्याळाने पाहतो तेव्हा प्रत्येक तारा रोज चार मिनिटे लवकर उगवतो. पंधरा दिवसांत हा फरक एक तासाचा होतो, महिन्यात दोन तासांचा आणि बारा महिन्यांत पुरा चोवीस तासांचा, म्हणजे तारा वर्षानंतर पुन्हा त्याच वेळी उगवतो. वर्षात ३६५ दिवस असतात, पण ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्या ३६६ होतात. हे विधान ऐकताना विचित्र वाटते, तरीही कंदिलाभोवती ते सिद्ध करता येते. मुलाने नाक सतत कंदिलाकडेच ठेवून, एकदाही नजर न काढता, त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारावी. संपूर्ण फेरीत सूर्य एकदाही मावळला नाही, म्हणजे दिवस-रात्रीचे एकही चक्र झाले नाही. तरी त्याचे नाक मात्र चारही भिंतींकडे एकेकदा वळून आले. गिरकी न घेताही पदरात पडलेली ही एक फेरी म्हणजेच वर्षाची ३६६वी फेरी होय.

खोलीतल्या खेळाला आकाशातली साक्ष हवी, आणि त्यासाठी महागडी दुर्बीण अजिबात आवश्यक नाही. दुर्बिणीतून आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो की त्यात मृग मावणारच नाही. मोबाइलवरील नकाशाही सुरुवातीला बाजूला ठेवावा, कारण अंधाराला डोळे पूर्ण सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पडद्याचा उजेड ते सरावलेपण क्षणात घालवतो. रंकाळ्याच्या काठावर दिव्यांमुळे अंधुक तारे दिसत नाहीत, आणि आकाशगंगेचा पट्टा पाहायचा असेल तर मसाई पठारासारखी अंधारी जागाच गाठावी लागते. मृगाचे मुख्य तारे मात्र शहरातल्या गच्चीवरूनही सहज दिसतात. चार पायांचे चार तारे, पोटात घुसलेल्या बाणाचे एका ओळीतले तीन तारे, आणि त्या ओळीच्या रोखाने खाली डावीकडे गेले की बाण मारणारा व्याध, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. चार पायांपैकी काक्षीचा तांबूस रंग आणि राजन्याचा निळसर पांढरा रंग यांतला फरक मुले मोठ्यांच्या आधी ओळखतात. काक्षीचा पृष्ठभाग राजन्याच्या तुलनेत बराच थंड आहे, एवढे त्या वेळी सांगितले तरी पुरे. प्रकाशवर्षांचे आकडे या वयात पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही.

निरीक्षणाची वेळ मात्र एकच ठेवावी, समजा रात्री आठची. हात ताठ समोर धरला असता आपली मूठ आकाशातील सुमारे दहा अंश झाकते. मुलांची मूठ लहान असते, पण त्यांचा हातही त्याच प्रमाणात आखूड असतो, म्हणून त्यांच्या मुठीचे मापही जवळजवळ तेवढेच भरते. डिसेंबरअखेर आठ वाजता मृग पूर्व क्षितिजापासून साधारण साडेतीन मुठी वर असते, फेब्रुवारीअखेर ते दक्षिणेकडे किंचित कललेले पण जवळजवळ डोक्यावर येते, एप्रिलअखेर पश्चिमेला अडीच मुठींवर उतरते आणि मेच्या मध्यावर जेमतेम एक मूठ उरते. त्यानंतर ते संधिप्रकाशात हरवते आणि लवकरच ‘मृग निघाला’ अशी बातमी येते. मुलाने दर महिन्याला वहीत एक चित्र काढले तर रोजच्या चार मिनिटांचा हिशेब त्याच्या स्वतःच्या हातचा होतो.

जी मुले आठपर्यंत जागी राहत नाहीत त्यांच्यासाठी सूर्यास्त आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव होतो, म्हणजे मावळत्या सूर्याची किरणे पश्चिमाभिमुख मूर्तीपर्यंत पोहोचतात. या दोन्ही तारखा २२ डिसेंबरच्या आगेमागे सुमारे सहा-सहा आठवड्यांवर आहेत. त्या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या साधारण अठरा अंश दक्षिणेला, दोन्ही वेळा एकाच ठिकाणी मावळतो: नोव्हेंबरात दक्षिणेकडे जाताना आणि फेब्रुवारीच्या तोंडावर परतताना. मंदिर बांधणाऱ्यांनी हे किती बारकाईने पाहिले असेल, हे मुलांना जरूर सांगावे. घराच्या खिडकीतून सूर्य कोणत्या इमारतीमागे मावळतो याची दर आठवड्याला नोंद ठेवली तर हीच ये-जा त्यांना स्वतः पाहता येते.

ध्रुवताऱ्याबद्दल थोडक्यात. तो सर्वांत तेजस्वी तारा आहे, असे असंख्य लोक मानतात, आणि मुले उत्तरेला झगझगीत तारा शोधून निराश होतात. त्याच्याहून तेजस्वी तारे चाळीसहून अधिक आहेत. त्याचे महत्त्व एवढेच की तो पृथ्वीच्या अक्षाच्या रोखाने असल्यामुळे जवळजवळ हलत नाही. कोल्हापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर असल्याने तो येथून उत्तर क्षितिजाच्या वर जवळजवळ तितक्याच अंशांवर, म्हणजे पावणेदोन मुठींपेक्षा किंचित खाली दिसतो.

पहिली भेट कधी घडवावी, असे विचाराल तर नरकचतुर्दशीची पहाट मला सर्वांत योग्य वाटते. पावसाळी ढग बहुधा ओसरलेले असतात, चंद्राची पूर्वेकडे उगवू घातलेली बारीक कोर तेवढी असते, आणि अभ्यंगस्नानासाठी मुले पाचला उठलेलीच असतात. त्या वेळी मृग माथ्यावरून पश्चिमेकडे झुकलेले असते, व्याध दक्षिणेला उंचावर असतो आणि त्याच्या बरेच खाली, क्षितिजापासून दोन मुठींवर, अगस्त्य हा दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा दिसतो. दिल्लीत तो नऊ अंशांपेक्षा वर कधीच येत नाही. दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी आली असेल, तर पहाटे पाचचे हेच आकाश चार महिन्यांनी, मार्चच्या सुरुवातीला, आठ तास आधी म्हणजे रात्री नऊ वाजता त्याच जागी येते. ही वेळ आधी मुलाकडून काढून घ्यावी आणि मार्चमध्ये त्याला गच्चीवर नेऊन ती पडताळू द्यावी.