फळे मुरल्याने जिन कडक होत नाही

जांभळे किंवा करवंदे घातलेली जिनची बरणी गोव्यातल्या एखाद्या घरात फडताळावर दिसली, की "जितकी मुरेल तितकी कडक होईल" हे वाक्य हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात घडते ते नेमके उलट.

या समजाचे मूळ बहुधा काजूच्या भाटीत, म्हणजे काजूची दारू गाळण्याच्या भट्टीत, असावे. तेथे बोंडांच्या रसातील साखर यीस्टमुळे आंबून तिचे अल्कोहोल होते आणि मग ऊर्ध्वपातनाने आधी हुर्राक, नंतर फेणी मिळते. जिनच्या बरणीत मात्र काही आंबतच नाही, कारण आपल्याकडच्या बहुतेक जिनमध्ये असणाऱ्या ४२.८ टक्के अल्कोहोलात यीस्टचे काम चालत नाही.

फळातून जिनमध्ये उतरतो तो रंग, वास, आंबटपणा, साखर आणि मुख्यतः पाणी. ७५० मिलिलिटर जिनमध्ये ३०० ग्रॅम जांभळाचा गर घातला आणि त्यात सुमारे २५० मिलिलिटर पाणी धरले, तर अल्कोहोलचे प्रमाण हळूहळू ३२ टक्क्यांच्या आसपास उतरते. चार-पाच दिवसांनी बरणीतला गर फिकट, आक्रसलेला दिसतो. पण त्यात शोषल्या गेलेल्या अल्कोहोलचे प्रमाणही जिनइतकेच असते, त्यामुळे "फळच तर आहे" म्हणून तो मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. मुरलेली जिन जास्त चढल्यासारखी वाटते, कारण गोडव्यामुळे तिचा तिखटपणा झाकला जातो आणि पेला लवकर रिकामा होतो.

लिंबाची साल घालायची असल्यास आतला पांढरा भाग काढून टाकावा आणि साल दोन दिवसांत गाळून घ्यावी. पुढे केवळ कडवटपणा वाढतो, आणि त्यालाच कित्येक जण कडकपणा समजतात.