मुक्कामी मावशींचं जेवण आणि घरचा किराणा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बाळ सांभाळायला किंवा आई-वडिलांच्या सोबतीला चोवीस तास घरी राहणारी मावशी आमच्यामार्फत ठेवताना आपण पगार, सुट्टी, कामाच्या वेळा सगळं खोदून विचारता. जेवणाचा विषय मात्र "घरात असेल ते खाईल की" एवढ्यावरच सुटतो. पहिल्या महिन्यात आमच्या कार्यालयात येणारे फोन बहुतेक याच विषयाचे असतात. कधी ग्राहकाचा, "सामान पुरेना झालंय." कधी मावशींचा, दबक्या आवाजातला.

आमची अट साधी आहे. सकाळची न्याहारी, दोन वेळचं जेवण आणि चहा घराकडून. त्यापोटी पगारातून एक रुपयाही कापायचा नाही. "तिचं खाणं-राहणं आमच्याकडेच आहे, मग पगारात थोडं कमी करा," असं काहीजण म्हणतात. पण मुक्कामी कामाचा पगार ठरवताना आम्ही राहणं-जेवण आधीच धरलेलं असतं. पुन्हा कापलं तर एकाच भाकरीचे पैसे दोनदा घेतल्यासारखं होतं.

ज्यांची मुलं युरोपात आहेत, ते 'ऑ पेअर'चं उदाहरण देतात. ते उदाहरण आमचंच म्हणणं पक्कं करतं. ऑ पेअर म्हणजे दुसऱ्या देशात एखाद्या कुटुंबात राहून मुलं सांभाळायला मदत करणारी तरुण व्यक्ती. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच 'बरोबरीच्या नात्यानं'. १९६९ साली युरोपीय देशांनी यासाठी जो करार केला, त्यात राहणं-जेवण यजमान कुटुंबाकडे आणि हातखर्चाची रक्कम वेगळी, असंच ठरलं. जर्मनीत हा हातखर्च महिना २८० युरो असतो आणि जेवणाचे पैसे त्यातून वळते होत नाहीत. आपल्याकडची मावशी तर पोटासाठी गाव सोडून पूर्ण वेळ नोकरीला आलेली बाई. तिच्या बाबतीत हात आखडता घेण्याचं कारणच नाही.

खर्च किती वाढेल?

हा प्रश्न रास्त आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दिलेल्या आहाराच्या नमुन्यात एका माणसाला दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, ३०० मिली दूध आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. महिन्याला म्हणजे साडेसात किलो धान्य, अडीच किलो डाळी-कडधान्यं, नऊ लिटर दूध आणि आठशे ग्रॅमच्या आसपास तेल. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या आपल्या नेहमीच्या दुकानाच्या दरानं गुणून बघा, भाजी आणि चहा-साखर वर धरा. दिवसभर बाळ कडेवर घेऊन वावरणाऱ्या बाईला याहून थोडं जास्तच लागतं. त्यामुळे यादी करताना सढळ हातानं करा.

यादीत काय असावं, हे मात्र तिला विचारूनच ठरवा. चंदगड, राधानगरी, गगनबावड्याकडची बाई भातावर आणि नाचणीवर वाढलेली असते. शिरोळ, हातकणंगल्याकडच्या बाईला शाळूची भाकरी हवी. तिन्ही त्रिकाळ चपाती दिली की पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही. दोन किलो नाचणीचं पीठ आणि घरची कांदा-लसूण चटणी डब्यात असली की ती महिनाभर खुशीत असते. उपवासाचे वार पहिल्याच दिवशी विचारा, म्हणजे साबुदाणा, वरी, शेंगदाणे त्या हिशोबानं भरता येतील. घर शाकाहारी असेल तर ते आम्ही मावशींना आधीच सांगतो. पण शेजारच्या घरातून बुधवारी, रविवारी रश्श्याचा वास येतो आणि ती सहा-सहा महिने अंडंसुद्धा खात नाही, हेही ध्यानात असू द्या. महिन्यातून एखादी सुट्टी तिला रविवारी दिलीत तर बरं.

एक प्रसंग सांगतो. एका घरातून मावशी आठ दिवसांत परत आली. कारण विचारलं तर "घरची आठवण येते," एवढंच म्हणाली. पुन्हा पुन्हा विचारल्यावर कळलं की घरातले सगळे रात्री साडेनऊला जेवत, मग मागचं आवरून उरलेलं तिच्या वाट्याला. कधी भाजी उरायची, कधी नुसता भात. घरातली माणसं वाईट नव्हती. तिचं ताट आधी काढून ठेवावं, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हापासून पहिल्या भेटीत आम्ही स्पष्ट सांगतो : स्वयंपाक तिला धरूनच करा, आणि तिच्या जेवणाची वेळ ठरवून द्या.

आजारी माणूस असलेल्या घरात आणखी एक अडचण येते. आजोबांना बिनमिठाचं, बिनतेलाचं जेवण असतं आणि दुसरी चूल कोण पेटवणार म्हणून मावशीही तेच खाते. पंधरा दिवसांत तिची ताकद जाते, आणि आजोबांना उठवायचं-बसवायचं तर तिलाच असतं. तिच्यासाठी फोडणीची वेगळी आमटी हवीच.

बाजार तिच्याकडून आणवत असाल तर

पैसे तिच्या पगारातले नकोत. "आत्ता तू घाल, नंतर देतो," हे तर नकोच नको. आठवड्याच्या वरखर्चासाठी ठराविक रक्कम, समजा ७०० रुपये, एका वेगळ्या पाकिटात ठेवा आणि सोबत वही. वहीत तारीख, जिन्नस, रक्कम. चिठ्ठी मिळाली तर चिकटवायची. लिहिता न येणाऱ्या मावशी फोनवर बोलून पाठवतात, तेही चालतं. हिशोब दर रविवारी दोघांनी मिळून बघा. महिनाअखेरीला बघितला तर कोथिंबिरीच्या दहा रुपयांवरून मनं खट्टू होतात. कोपऱ्यावरच्या दुकानात खातं असेल तर ते घराच्याच नावावर ठेवा. ती गावी गेल्यावर उधारी तिच्या नावावर राहिली, असे प्रकार आम्ही निस्तरले आहेत.

अंगाचा साबण, खोबरेल, दंतमंजन, कपड्यांची पावडर घराच्या यादीत. सॅनिटरी पॅडही यादीतच लिहा, म्हणजे तिला दर महिन्याला तोंड उघडून मागावं लागत नाही. मोबाइलचं रिचार्ज, मिश्री, गावी न्यायचा खाऊ तिचा तिनं. रेशनकार्ड तिच्या गावच्या घरचं असतं. त्यावरचं धान्य इथे आणायला सांगू नका. ते तिच्या मुलांच्या वाट्याचं आहे.

आपण चार दिवस बाहेरगावी जाणार असाल आणि मावशी घरीच राहणार असेल, तर गॅस, दूध आणि भाजीपुरते पैसे आधी बघून ठेवा. ती सुट्टीवर गेली तर त्या दिवसांचं जेवण म्हणून पैसे मागायचे नाहीत, आणि आपणही कापायचे नाहीत.

मावशींना सोडायला आमची कार्यकर्ती घरी येते, तेव्हा ती एक कोरी वही आणि जेवणाच्या वेळा लिहायचा कागद घेऊन येते. तो कागद मावशींच्या समोर भरून स्वयंपाकघरात लावा. पंधरा दिवसांनी आमचा फोन दोघांनाही येईल. मावशींशी आम्ही वेगळं बोलतो, तेवढी पाच मिनिटं त्यांना मोकळं सोडा.