गोमांसाच्या प्रतीसाठी जनुकीय चाचणी

गुरांच्या पैदाशीत वळू आणि कालवडी निवडताना त्यांच्या डीएनएवरून त्यांचे, आणि विशेषतः त्यांच्या पुढच्या पिढीचे, मांस किती कोवळे, रसदार व चवीचे निघेल याचा अंदाज बांधण्याची पद्धत. अशी चाचणी जन्मलेल्या दिवसाच्या वासरावरही करता येते. प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ गायीत सोडण्यापूर्वी त्यातील काही पेशी काढूनही ती केली जाते.

दूध रोज मोजता येते, वजन काट्यावर कळते, शिंगे डोळ्यांना दिसतात. मांसाची प्रत मात्र जनावर कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापलेले जनावर पैदाशीला उरत नाही. मांसाच्या गुरांची पैदास करणाऱ्यांपुढची ही जुनी अडचण आहे. वळूचे रेत गोठवून ठेवायचे, त्याची वासरे वाढवायची, कत्तलखान्यात त्यांचे मांस तपासायचे आणि मग बापाविषयी निर्णय घ्यायचा, हाच त्यावरचा मार्ग होता. त्यात चार-पाच वर्षे जात आणि खर्चामुळे मोजक्याच वळूंची परीक्षा होई. पुढे अल्ट्रासाउंडने जिवंत जनावराच्या पाठीच्या स्नायूतील चरबी पाहता येऊ लागली. पण कोवळेपणा त्या पडद्यावर दिसत नाही. जनुकीय चाचणीचे खरे मोल इथे आहे: जो गुण मोजणे महाग, उशिराचे किंवा जनावराच्या जिवावर बेतणारे असते, तिथेच ती सर्वाधिक उपयोगी पडते.

प्रत कशाला म्हणायचे यावर देशोदेशी वेगळा भर दिसतो. लाल मांसात पांढऱ्या चरबीची जी बारीक नक्षी दिसते तिला मार्बलिंग म्हणतात. अमेरिकेत बाराव्या व तेराव्या बरगडीच्या मधला छेद पाहून प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशा श्रेणी देतात आणि त्यात मार्बलिंगला मोठे वजन असते. जपानमध्ये छेद सहाव्या व सातव्या बरगडीच्या मध्ये घेतात आणि मार्बलिंगला 1 ते 12 गुण देतात. 8 किंवा त्यापुढे गुण असल्याशिवाय सर्वोच्च श्रेणी मिळत नाही. ऑस्ट्रेलियातील मीट स्टँडर्ड्स ऑस्ट्रेलिया ही प्रतवारी सामान्य ग्राहकांना शिजवलेले तुकडे खायला देऊन त्यांनी दिलेल्या गुणांवर उभी केलेली आहे.

कोवळेपणा मोजायची रूढ रीत वॉर्नर-ब्रॅट्झलर यंत्राची. पाठीच्या मांसाचा जाड काप आतून सुमारे 71 अंश सेल्सिअस होईपर्यंत शिजवतात, थंड होऊ देतात, आणि स्नायूच्या धाग्यांना समांतर असे 1.27 सेंटिमीटर व्यासाचे गोल तुकडे त्यातून काढतात. मग इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेले बोथट पाते त्या तुकड्यातून आडवे ओढून किती जोर लागला ते नोंदवतात. जोर कमी लागला की मांस कोवळे. ही नोंद कंटाळवाणी आणि खर्चिक खरी, पण कोवळेपणाच्या चाचण्यांना मुख्य आधार तिचाच आहे.

जनुके आणि त्यांचे काम : कोवळेपणाच्या बाबतीत सर्वांत नीट उलगडलेली जोडी कॅल्पेन आणि कॅल्पास्टॅटिन यांची. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात. त्यानंतर थंडाव्यात ठेवलेले मांस दिवसेंदिवस मऊ होत जाते, कारण कॅल्पेन हे विकर (एन्झाइम) स्नायूचा सांगाडा धरून ठेवणारी प्रथिने हळूहळू तोडते. कॅल्पास्टॅटिन त्या विकराला आवर घालते. ज्या जनावरात हा आवर जास्त त्याचे मांस चिवट राहण्याची शक्यता जास्त. वशिंडाच्या गुरांत, उदाहरणार्थ ब्रॅह्मन जातीत, कॅल्पास्टॅटिनचा जोर अधिक आढळतो आणि त्यांचे मांस युरोपीय जातींपेक्षा चिवट निघण्यामागचे ते एक मुख्य कारण मानले जाते. कॅल्पेनचे जनुक गुरांच्या 29व्या गुणसूत्रावर आहे, कॅल्पास्टॅटिनचे 7व्या. दोन्हींतील ठरावीक जागी असलेले डीएनएच्या एकेका अक्षराचे फरक चाचणीत वाचले जातात; अशा फरकाला खूण म्हणतात.

कॅल्पेनच्या जनुकावरची एक गोष्ट इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. त्यातील ‘316’ नावाची खूण आधी सापडली आणि युरोपीय जातींत ती चांगली लागू पडली. वशिंडाच्या गुरांत मात्र या खुणेचे अनुकूल रूप जवळजवळ नसतेच. सगळ्यांचे उत्तर एकच येत असेल तर निवड कशावर करणार? पुढे त्याच जनुकावर ‘4751’ ही खूण मिळाली, जी दोन्ही प्रकारच्या गुरांत आणि त्यांच्या संकरांत उपयोगी ठरली. एका जातीत सिद्ध झालेली चाचणी दुसऱ्या जातीवर डोळे मिटून लावू नये, हे या क्षेत्राने फार लवकर आणि स्वतःच्या अनुभवातून शिकले.

मार्बलिंगसाठी थायरोग्लोब्युलिनच्या जनुकाजवळची खूण ही बाजारात आलेल्या पहिल्या चाचण्यांपैकी एक. तिच्याविषयीचे निष्कर्ष अभ्यासागणिक बदलत राहिले: काही कळपांत परिणाम दिसला, काहींत दिसला नाही. स्वतंत्र पडताळणीत कोवळेपणाच्या खुणा टिकल्या, मार्बलिंगच्या तितक्या टिकल्या नाहीत. याचा अर्थ मार्बलिंग कमी आनुवंशिक आहे असा नव्हे. उलट जनावरा-जनावरांतील मार्बलिंगच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा साधारण 40 टक्क्यांच्या आसपास धरतात, म्हणजे कोवळेपणापेक्षा जास्तच. फक्त तो वाटा शेकडो जनुकांत विखुरलेला आहे, आणि एखाद्या खुणेच्या पदरात त्यातला कणभरच येतो.

चरबी किती यासोबत ती कशी आहे यालाही महत्त्व असते. स्टिअरॉइल-कोए डिसॅच्युरेज या विकरामुळे संपृक्त स्निग्धाम्लांचे ओलेइक आम्लासारख्या असंपृक्त आम्लांत रूपांतर होते. जपानी काळ्या गुरांत या जनुकाचे जे एक रूप आढळते, त्यामुळे चरबीत असंपृक्त आम्ले वाढतात आणि ती कमी तापमानाला वितळते. अशी चरबी तोंडात घेताच विरघळते.

एकाच जनुकाने मांसाचे रूप पालटते असे ठळक उदाहरण मायोस्टॅटिनचे. हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालते. त्याचे जनुक बिघडले की लगाम सुटतो. बेल्जियन ब्लू जातीत या जनुकातील 11 अक्षरे गळालेली आहेत, तर पिएमाँतेसे जातीत एकच अक्षर बदललेले आहे. हे 1997 मध्ये उलगडले. अशा जनावरांचे पुठ्ठे दुहेरी वाटावेत इतके भरतात, मांस जास्त, चरबी कमी आणि मांस कोवळेही असते. पण वासरू पोटातच इतके भरते की गाय अडते. बेल्जियन ब्लू गायींची वेते शस्त्रक्रियेने करणे ही त्या जातीत नेहमीची बाब झाली आहे. मांसाची प्रत सुधारली म्हणून ही किंमत गायीने मोजावी का, हा प्रश्न पैदासकाराने टाळू नये. चाचणीमुळे एक मात्र साधते: या बिघडलेल्या जनुकाची एकच नक्कल वाहणारे जनावर आधी ओळखता येते आणि दोन वाहकांची जोडी लावणे टाळता येते.

खुणांपासून चिपेपर्यंत : 2001 मध्ये म्यूविसेन, हेज आणि गॉडर्ड या संशोधकांनी वेगळा विचार मांडला. महत्त्वाची जनुके शोधत बसण्याऐवजी संपूर्ण जनुकसंचावर दाट खुणा पसरायच्या आणि प्रत्येक खुणेचा लहानसा परिणाम एकाच वेळी अजमावून त्यांची बेरीज करायची. त्या वेळी एवढ्या खुणा हाताशी नव्हत्या. गुरांचा जनुकसंच 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी अमेरिकेतील माँटाना राज्यातील संशोधन केंद्रावरची एल1 डॉमिनेट नावाची हेरेफर गाय निवडली होती. त्यात सुमारे 22,000 जनुके मोजली गेली. त्याच सुमारास 50,000हून अधिक खुणा एकदम वाचणारी चिप मिळू लागली आणि कागदावरचा विचार कळपात उतरला. दुभत्या गुरांनी यात आघाडी घेतली, मांसाच्या जातींत अँगसच्या पैदासकारांनी ही पद्धत लवकर स्वीकारली. आयर्लंडने 2015 पासून मांसाच्या गायींची जनुकीय तपासणी सरकारी अनुदानाच्या योजनेला जोडली.

नमुना : शेपटीच्या गोंड्यातील 30-40 केस मुळासकट उपटून कार्डावर चिकटवतात. कात्रीने कापलेले केस निरुपयोगी, कारण चाचणीला लागणारा डीएनए मुळाच्या पांढऱ्या गाठीत असतो. शेपटी ओली किंवा शेणाने माखलेली असेल तर नमुना वाया जातो. आजकाल कानाला बिल्ला ठोकतानाच्या पद्धतीने कानाचा छोटा ठिपका कापून थेट द्रवाच्या कुपीत घेतात. रक्ताचा थेंब आणि रेताची कांडीही चालते. जुळ्या वासरांचे रक्त मात्र देऊ नये. गर्भात त्यांचे रक्त एकमेकांत मिसळलेले असू शकते आणि अहवालात भावंडाचाच डीएनए उतरण्याची भीती असते.

अहवालात मार्बलिंग, पाठीच्या स्नायूचे क्षेत्रफळ, कोवळेपणा अशा प्रत्येक गुणासाठी पैदासमूल्य दिलेले असते आणि त्याच्या शेजारी अचूकतेचा आकडा. बरेचजण पहिला आकडा वाचतात आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करतात. पैदासमूल्य हे जनावराचे स्वतःचे मांस कसे निघेल याचे भाकीत नसून त्याच्या वासरांकडे सरासरीने काय जाईल याचा अंदाज असतो. कोवळ्या मांसाचा वारसा असलेले जनावर घाबरवून, दमवून कत्तलखान्यात आणले तर मांस काळपट व कोरडे दिसते. चारा, वय, मांस थंड करण्याचा वेग, ते किती दिवस मुरवले, या सगळ्यांचा त्यात हात असतो.

याच नमुन्यातून आणखी कामे होतात. एका कुरणात अनेक वळू सोडलेले असतील तर वासराचा बाप कोण हे कळते, आणि कत्तलखान्यातली नोंद योग्य वळूच्या नावावर चढते. घातक दोषांचे वाहकही ओळखता येतात. 2008 मध्ये अँगस जातीत वाकड्या पाठीची, आखडलेल्या पायांची मृत वासरे जन्मण्यामागे एक दोष असल्याचे उघड झाले आणि त्याचे मूळ अतिशय वापरल्या गेलेल्या वंशरेषेत सापडले. मार्बलिंगच्या आकड्यामागे धावत सगळ्यांनी तेच चार वळू वापरले, तर असा दोष गुपचूप पसरायला वाव मिळतो.

मर्यादा : चिपेवरचा हिशेब ज्या कळपावर शिकवलेला असतो त्याला संदर्भकळप म्हणतात. त्यात हजारो जनावरांचा डीएनए आणि त्यांच्या मांसाच्या प्रत्यक्ष नोंदी दोन्ही लागतात. तपासायचे जनावर त्या कळपापासून जितके दूरचे, तितकी अचूकता घसरते. वेगळ्या जातीत किंवा अनेक पिढ्यांच्या संकरात ती फार कमी होऊ शकते. त्याच जातीतही खूण आणि तिच्या शेजारचे खरे जनुक यांची सोबत पिढ्यांगणिक सुटत जाते. चाचणी स्वस्त झाल्यावर कापाच्या नोंदी कमी करण्याचा मोह होतो, आणि नेमके तेव्हाच अंदाज शिळे होऊ लागतात. त्यामुळे दर पिढीतील काही वळूंची वासरे कत्तलखान्यापर्यंत मोजत न्यावी लागतात आणि त्यांच्या मांसाच्या शिजवलेल्या तुकड्यांवर पुन्हा ते बोथट पाते चालवावे लागते.