पार्श्वभूमी: ‘तुमच्याकडं किती आलंय?’ कृष्णा-पंचगंगेच्या पुरात गाव कसं हलतं

जुलैत चार दिवस झड लागली की आमच्याकडं फोनवरचं पहिलं वाक्यच बदलतं. बरं हाय का, जेवलास का, हे सगळं मागं पडतं आणि थेट ‘तुमच्याकडं किती आलंय?’ येतं. काय आलंय ते सांगायची गरज नसते. कोल्हापूर, शिरोळ, पलूस, मिरज या पट्ट्यात गावं वेळेत बाहेर पडली असतील तर ती निम्म्याच्या वर या प्रश्नामुळं पडलीत असं माझं मत आहे, आणि काही वेळा अडकली तीही याच प्रश्नाच्या उत्तरामुळं. त्यावर पुढं येतो.

जुन्या काळाचं फार लांबवत नाही. १९१४ च्या पुराचं सांगलीत अजून बोललं जातं, पण ते पणजोबाकडून ऐकलेलं. तेव्हाची पद्धत म्हणजे दवंडी, हलगी वाजवत कोतवाल फिरणार, आणि राती-अपराती देवळाची घंटा. एक गोष्ट मात्र कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो, गावभर निरोप पोचवायचं काम ज्यांच्याकडं होतं त्यांची वस्ती बऱ्याच गावांत गावकुसाबाहेर, ओढ्याच्या नाहीतर नदीच्या अंगाला, म्हणजे पाणी पहिलं तिथं आणि निरोप मात्र वाड्यापासून सुरू. रानातल्या, मळ्यातल्या घरांचंही तसंच, हलगी ऐकूच जायची नाही. ही भोकं पुढं भोंगा आला, फोन आला, व्हॉट्सअ‍ॅप आलं तरी बरीचशी तशीच राहिली.

आता पातळी. या एका शब्दानं जेवढा घोळ घातलाय तेवढा पावसानंही घातला नसेल. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी मोजतात ती राजाराम बंधाऱ्यावर, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. सांगलीत कृष्णेची मोजतात आयर्विन पुलाला, तिथं ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. टीव्हीवर, मोबाईलवर हेच आकडे फिरतात. पण ४३ फूट म्हणजे कुणाला धोका? प्रयाग चिखली, आंबेवाडीला त्याच्या आधीच हातपाय हलवायला लागतात, आणि त्याच तालुक्यात माळावर राहणाऱ्याला ५० झाले तरी चहाचा कप खाली ठेवावा लागत नाही. आकडा एका जागचा आणि माणसं दोनशे जागी. मग हा आकडा दाराशी आणून कोण देतं, तर शेजारी. ‘बंधाऱ्याला एवढं झालं की आपल्या वेशीत’, ‘एवढ्याला मारुतीच्या दुसऱ्या पायरीला’, ‘पायरी बुडाली की तीन तासांत डेअरीचा रस्ता बंद’. हे कुठल्या नकाशावर नाही, प्रत्येक गल्लीत एक-दोन म्हातारी माणसं असतात त्यांच्या डोक्यात असतं. कोल्हापूर शहरातही लोक फूट सांगत नाहीत, ‘जामदार क्लबपर्यंत आलं’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. नृसिंहवाडीत मंदिरात पाणी शिरलं आणि उत्सवमूर्ती वर हलवली की आजूबाजूच्या गावांना वेगळा इशारा लागत नाही. तीच गत क्युसेकची. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे, एकाला १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, पण क्युसेक म्हणजे काय हे न कळणारा माणूससुद्धा ‘पाच दरवाजे’ म्हटल्यावर उठून गोठ्याकडं जातो. अधिकृत इशारा चुकीचा असतो असं नाही, तो अर्धा असतो, उरलेला अर्धा गल्लीत तयार होतो. आणि ज्याला गल्ली नाही, म्हणजे नवीन राहायला आलेला, भाड्यानं राहणारा, परगावचा कामगार, त्याला तो अर्धा मिळत नाही.

पण या गल्लीतल्या शहाणपणाला एक मोठा खड्डा आहे, २००५ आणि २०१९ च्या मधला. २००५ ला सांगलीत आयर्विनला ५३ फुटांच्या वर गेलं. तेव्हा मोबाईल गावात मोजके, निरोप लँडलाइनवर, दूध संस्थेच्या कट्ट्यावर आणि एसटी चालू असेपर्यंत एसटीच्या ड्रायव्हरकडून. त्या पुरानंतर लोकांनी भिंतीवर रेघा मारल्या, कुणी पाण्याचा डाग तसाच ठेवला, आणि ती रेघ झाली देवाची रेघ. नंतर घर बांधणाऱ्यांनी जोतं त्या रेघेच्या वर घेतलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागल्यावर शेजारी शेजाऱ्याला हेच सांगत होता, ‘दोन हजार पाचला इथपर्यंत आलतं, त्याच्या वर येत नाही, कशाला हलताय.’ आणि पाणी आलं ५७ फुटांच्या वर. साडेतीन फुटांच्या घरातला फरक, म्हणजे जो माणूस पलंग विटांवर ठेवून निवांत झोपला होता त्याच्या कंबरेच्या वर. वीज गेलेली, बऱ्याच ठिकाणी टॉवर बंद, पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली. ज्या शेजारधर्मानं लोक वाचतात त्याच शेजारधर्मानं ती घरात बसली, हे मला फार टोचतं. कारण ‘हलू नका’ म्हणणारा माणूस वाईट नव्हता, तो आठवणीतून बोलत होता.

ब्रह्मनाळची दुर्घटना त्याच आठवड्यातली, ८ ऑगस्ट २०१९. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव, वेढा पडल्यावर गावातलीच बोट काढली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली, बोट उलटली आणि १७ जीव गेले. यावर नंतर बोटीबद्दल, जॅकेटबद्दल, कुणाची जबाबदारी याबद्दल खूप बोललं गेलं आणि ते बरोबरच आहे. माझ्या डोक्यात मात्र त्याच्या आधीचे दोन दिवस राहतात. रस्ता कोरडा असताना निघालेल्याला ट्रॉली पुरते, रस्ता बुडाल्यावर निघालेल्याला बोट लागते, नाहीतर गुळाची काहील, म्हणजे गूळ शिजवायची मोठी कढई. काहिलीतून माणसं काढलेली आहेत आमच्याकडं, गंमत नाही.

त्या वर्षी कोल्हापूर-सांगलीतून मिळून काही लाख लोक हलवले गेले, आणि त्यातले कितीतरी छावणीत न जाता पाव्हण्यांकडं गेले. म्हणून शेजारी म्हटलं की फक्त भिंतीला भिंत लागून असलेला धरू नका. वरच्या गावात दिलेली बहीण, खालच्या गावातली सासुरवाडी, हेसुद्धा शेजारीच. वरचा पाव्हणा सांगणार, आमचा पूल बुडाला, तुमच्याकडं राती पोचेल. हे सगळ्यांना कळतं. न कळणारा भाग म्हणजे फुगवटा. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी नृसिंहवाडीच्या संगमावर घ्यायला ती तयार नसते, मग ते मागं फुगत येतं. शिरोळ तालुक्यात ऊन पडलेलं असतं, पाऊस थांबलेला, आणि पाणी चढतच असतं. तिथं वरच्या गावचा फोन उपयोगाचा नाही, खालचा लागतो. खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा वादही याच शब्दाभोवती फिरतो, २०१९ नंतर नेमलेल्या अभ्यास समितीनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही आणि इकडच्या बऱ्याच लोकांना ते पटलं नाही, त्यात धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायचा विषय. तो वाद चालू दे. रात्री दोनला गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला पाणी कुणामुळं आलं यापेक्षा कुठल्या बाजूनं येतंय हे कळणं गरजेचं असतं.

गोठा म्हटलं म्हणून सांगतो, माणसं न हलण्याचं कारण बहुतेक वेळा म्हैस असते. घरातली बायका-पोरं पाठवतात आणि गडी मागं राहतो. २०२१ च्या जुलैत यात फरक दिसला. २०१९ ला दोनच वर्षं झालेली, मार ताजा होता, आणि पंचगंगा २०१९ च्याही वर जाऊन आली तरी बरीच गावं आधीच रिकामी झाली, आधी जनावरं. एकानं ट्रॉलीत म्हशी चढवल्या की गल्लीतली बाकीची आपोआप दावी सोडायला लागतात, हे मी स्वतः बघितलंय, तिथं कुणी भाषण केलं नव्हतं. दूध संस्थेचा यात मोठा हात, आणि तो कुणी मोजत नाही. दिवसातनं दोनदा अख्खं गाव तिथं येतं, कोण गेलं, कोणाकडं म्हातारं माणूस अंथरुणाला आहे, आज कोणाचं दूध आलं नाही, सगळं तिथं कळतं. दुधाचा टँकर यायचा बंद झाला की तोच शेवटचा भोंगा.

व्हॉट्सअ‍ॅपनं निरोप पळाला, पण ‘धरण फुटलं’ पण तितकंच पळतं. १९६१ ला पानशेत फुटलं ती भीती या राज्यात अजून मुरलेली आहे, त्यामुळं असला मेसेज आला की लोक आधी पळतात मग विचारतात. दोन-तीनदा असं झालं की खऱ्या मेसेजलाही कुणी उठत नाही. शेवटी लोक मेसेज बघून ओळखीच्याला फोन लावतात, आणि तो ‘व्हय, मी डोळ्यानं बघतोय’ म्हणाला तरच पिशवी भरतात. २०२४ च्या जुलैत पंचगंगा ४७ फुटांच्या वर गेली तेव्हाही हेच.

ही सगळी सवय नदीनं लावलेली, आणि जिथं नदीनं लावलीच नाही तिथं काय होतं ते २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीकाठी दिसलं. माढा, करमाळा, मोहोळ, तिकडं परांडा, भूम, आयुष्य पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात गेलेली गावं, तिथं पूर म्हणजे बातमीतली गोष्ट. माझ्या आत्याचं घर शिरोळ तालुक्यात, तिच्या जावेची पोरगी माढा तालुक्यात दिलेली. बातम्या बघून आत्यानं तिला फोन लावला आणि सवयीनं विचारलं, पाणी कुठल्या पायरीला आहे गं? पोरगी म्हणाली, आमच्या घराला पायरीच नाही, उंबरा ओलांडला की अंगण. आत्या थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, शेरडं सोड आणि निघ, पुढचं चालता चालता सांगते.