ठासणीची मस्केट आणि ठासणीची रायफल: फरक नळीच्या आत

साताऱ्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात किंवा संग्रहालयाच्या काचेआड ठासणीची बंदूक दिसली की तिला सरसकट ‘रायफल’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. दोन्हींत दारू आणि गोळी तोंडाकडूनच गजाने ठासायची असल्यामुळे हा घोटाळा स्वाभाविक आहे. पण रायफलीच्या नळीत पेचदार खाचा असतात आणि मस्केटीची नळी आतून गुळगुळीत असते.

इंग्रजांनी तर या घोटाळ्यात भरच घातली. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ही आतून ०.५७७ इंच व्यासाच्या नळीची, तीन खाचांची रायफल होती. उठावानंतर हिंदी शिपायांसाठी काढलेली १८५८ च्या नमुन्याची बंदूक दिसायला जवळजवळ तीच, परंतु तिची नळी ०.६५६ इंचांची आणि गुळगुळीत होती, आणि मागची अंतराप्रमाणे हलणारी नेमपट्टी जाऊन तिथे पक्की बसवलेली साधी नेमपट्टी आली होती. शिपायाच्या हाती बंदूक राहावी पण लांबचा नेम राहू नये, हा त्यामागचा हिशेब उघड आहे.

गुळगुळीत नळीतली गोल गोळी भरकटते ती मुख्यतः फटीमुळे. ‘ब्राउन बेस’ या जुन्या मस्केटीची नळी सुमारे ०.७५ इंच आणि गोळी सुमारे ०.६९ इंच असे, म्हणजे व्यासात दीड मिलिमीटरचा फरक. काही बार झाले की काळ्या दारूची काजळी नळीत साठते. तरीही लढाईच्या धामधुमीत गोळी झटकन खाली उतरावी म्हणून ही फट जाणूनबुजून ठेवलेली होती. तिची किंमत नेमाने मोजावी लागे. गोळी नळीत आपटत जाते, आणि तोंडाशी बसलेल्या शेवटच्या धक्क्याने तिला जी फिरकी मिळते ती दर बाराला वेगळी असते. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत सरकतो तशी ही गोळी सरकते, फक्त कोणत्या बाजूला ते आधी कळत नाही. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने नळीचे टोक डावीकडे वाकवून बार काढला, तेव्हा गोळी आधी डावीकडे जाऊन पुढे उजवीकडे वळली. हेच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारले. रायफलीच्या खाचाही गोळीला फिरकीच देतात; मात्र ती दर वेळी त्याच दिशेने आणि गोळीच्या वाटेच्याच आसाभोवती असल्यामुळे गोळी भरकटत नाही.

मस्केटीचा नेम सुधारायचा म्हणजे आधी ती फट भरायची. चरबी लावलेल्या सुती कापडाच्या चकतीत गोळी घट्ट बसवली की ती नळीच्या मधोमध राहते आणि आपटणे बरेच कमी होते. गोळी ओतताना राहिलेला देठ दर वेळी एकाच बाजूला ठेवणे, दारूचे माप सारखे ठेवणे, दोन बारांमध्ये नळी पुसून घेणे याही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण माझ्या मते चकतीपुढे त्या दुय्यम ठरतात. चकतीने फट बुजते, रायफलीसारखी ठरावीक फिरकी मात्र मिळत नाही. म्हणून जवळच्या अंतरावर चांगली भरलेली मस्केट रायफलीच्या बरोबरीला येऊ शकते आणि अंतर वाढले की मागे पडते. सैनिकी मस्केट ऐंशी यार्डांवर माणसाला लागू शकेल, कदाचित शंभरावरही, आणि दोनशे यार्डांवर नेम धरणे व्यर्थ, असे १८१४ मध्ये कर्नल जॉर्ज हँगर यांनी लिहिले होते, ते चकतीविना भरलेल्या बंदुकीबद्दल.

घरची बंदूक यांपैकी कोणती हे पाहायचे असेल, तर तोंडात डोकावण्याआधी गज आत सोडून तो किती खोल जातो ते नळीच्या बाहेरून ताडून पाहावे. तो बुडापर्यंत पोहोचत नसेल, तर आत जुना बार असण्याची शक्यता धरून ती जाणकाराकडेच द्यावी.