गर्भाच्या व्यंगाचे निदान आणि त्यानंतरचे दिवस

गरोदरपणाच्या 18 ते 20 आठवड्यांदरम्यान होणाऱ्या सोनोग्राफीला डॉक्टर 'अ‍ॅनोमली स्कॅन' म्हणत असले, तरी तिथे येणारी बहुतेक जोडपी बाळ बघायला आलेली असतात. मोठे जन्मजात व्यंग साधारणपणे दर 100 जन्मांमागे 2 ते 3 बाळांत आढळते, म्हणजे ही फार दुर्मीळ गोष्ट नव्हे. तरीही प्रोब पोटावर एकाच जागी पुन्हापुन्हा फिरू लागतो, डॉक्टरांचे बोलणे थांबते आणि 'बरोबर कोण आलंय?' अशी विचारणा होते, तेव्हा त्या जोडप्याच्या मनाची कसलीच तयारी नसते. त्यानंतरचे आठवडे कसे जातील हे आजाराच्या नावावर जितके अवलंबून असते, तितकेच ते नाव कोणी, कोणत्या शब्दांत आणि किती घाईने सांगितले यावरही असते. या दुसऱ्या भागात सुधारणा करायला महागडी यंत्रे लागत नाहीत, आणि म्हणूनच तिथली हयगय अधिक खटकते.

पहिली गल्लत होते ती चाळणी चाचणी आणि निदान यांमध्ये. डबल मार्कर किंवा एनआयपीटी (रक्तातल्या डीएनएवरून गर्भाची गुणसूत्रे तपासणारी चाचणी) या आईच्या रक्तावर होणाऱ्या चाळणी चाचण्या आहेत; त्या फक्त जोखीम सांगतात. एनआयपीटीच्या जाहिरातीत '99 टक्के अचूक' असे लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते, परंतु त्याचा अर्थ बहुतेकांना उलटा लागतो. समजा, पंचविशीच्या आसपासच्या 10,000 गर्भवतींची डाउन सिंड्रोमसाठी, म्हणजे एक गुणसूत्र जादा असल्याने होणाऱ्या विकारासाठी, ही चाचणी केली. या वयात हजारात साधारण एका गर्भाला हा विकार असतो असे धरले, तर 10 गर्भ बाधित असतील आणि चाचणी जवळजवळ सगळेच पकडेल. उरलेल्या 9,990 जणींपैकी 0.1 टक्का, म्हणजे सुमारे 10 जणींना मात्र ती चुकून 'जोखीम जास्त' असे सांगेल. अशा 20 अहवालांपैकी निम्मेच खरे निघतील. चाळिशीच्या गर्भवतींमध्ये हे प्रमाण शंभरात एक धरले, तर त्याच चाचणीचे दहापैकी नऊ इशारे खरे ठरतील. चाचणी तीच, शब्द तेच, पण एकीसाठी तो नाणेफेकीइतका अनिश्चित इशारा असतो आणि दुसरीसाठी जवळपास खात्रीचा. शिवाय ही चाचणी जो डीएनए मोजते, तो मुख्यतः वारेतून आलेला असतो आणि वार व गर्भ यांची गुणसूत्रे क्वचित वेगळी असू शकतात. त्यामुळे केवळ अशा अहवालावरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. गर्भजल तपासणी किंवा वारेच्या पेशींची तपासणी करून खात्री करून घ्यावी.

सोनोग्राफीच्या अहवालातही अशीच एक फसवी जागा असते. हृदयात दिसणारा पांढरा ठिपका किंवा मेंदूतील कोरॉइड प्लेक्सस या भागातली पाण्याची बारीक गाठ यांना 'सॉफ्ट मार्कर', म्हणजे जोखमीची हलकी खूण, म्हणतात. ही व्यंगे नव्हेत. बाकी सर्व तपासण्या ठीक असतील, तर एकट्या ठिपक्याला फारसे महत्त्व राहत नाही. तरीही इंग्रजी अहवालात ती ओळ ठळक अक्षरांत छापली जाते, घरी मोबाइलवर शोधली जाते आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यागोत्यात 'बाळाच्या हृदयात काहीतरी निघालंय' अशी बातमी होते.

व्यंग खरोखरच गंभीर असेल, तर ते सांगण्याची एक रीत आहे. बाई टेबलावर आडवी असताना, पोटावर जेल असताना ते सांगू नये. तिला उठून बसू द्यावे, नवरा किंवा तिला हवे असलेले माणूस आत बोलवावे आणि मग साध्या मराठीत, काय दिसले, काय अजून नक्की नाही आणि पुढची पायरी कोणती, एवढेच सांगावे. धक्का बसलेल्या माणसाच्या कानावर पहिल्या वाक्यानंतरचे फारसे काही पडत नाही. म्हणून तेच सगळे मराठीत एका कागदावर लिहून द्यावे आणि एक-दोन दिवसांत पुन्हा भेटीची वेळ द्यावी. त्या दुसऱ्या भेटीला, हृदयाचा दोष असेल तर बालहृदयरोगतज्ज्ञ आणि पाठीच्या कण्याचा असेल तर बालशल्यविशारद हजर असावा, कारण जन्मानंतर त्या बाळाचे काय होते हे रोज पाहणारा तोच असतो. बाहेर बसलेल्या सासूबाईंना किंवा मामंजींना आधी आत बोलावून, 'तुम्हीच सुनेला समजवा' असे सांगण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती मोडायला हवी. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याने फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याच्या सहीचीही गरज नसते.

निदानानंतर आईच्या मनात सर्वांत आधी येतो तो दोष, आणि घरातले लोक बहुधा त्यात भर घालतात. ग्रहण पाळले नाही, विळीवर भाजी चिरली, म्हणून ओठ दुभंगला हे आजही बोलले जाते. वरचा ओठ गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या आसपास जुळून पूर्ण होतो. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाला त्यात करण्यासारखे काही उरलेले नसते. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, ती गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे नुकते कुठे लक्षात येत असते तेव्हा. डाउन सिंड्रोममधले जादा गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना झालेल्या विभाजनाच्या चुकीतून येते, आणि त्या विभाजनाची सुरुवात ती स्त्री स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच झालेली असते. यात कोणाच्या वागण्याचा संबंध नाही, हे डॉक्टरांनी नवरा आणि सासू दोघांच्या समोर, स्पष्ट शब्दांत सांगावे. माझ्या मते आधाराच्या सगळ्या प्रकारांत याइतके मोलाचे दुसरे काही नसेल.

वेळेचा ताण मात्र खराच असतो. विसाव्या आठवड्यात शंका, मग गर्भजल तपासणी, दोन-तीन दिवसांत प्राथमिक अहवाल आणि संपूर्ण गुणसूत्र तपासणीला साधारण दोन आठवडे, असे करता करता 23वा आठवडा उजाडतो. 1971च्या कायद्यात गर्भपाताची मर्यादा 20 आठवडे होती, त्यामुळे निदान हाती येईपर्यंत मुदत संपलेली असे. 2008 साली मुंबई उच्च न्यायालयात 24 आठवड्यांच्या, हृदयदोष असलेल्या गर्भाचे प्रकरण गेले आणि परवानगी नाकारली गेली. या विषयावरची देशव्यापी चर्चा तिथून पेटली. 2021च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास दोन डॉक्टरांच्या मताने 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यापुढे राज्य सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या वैद्यकीय मंडळाने व्यंग ठळक असल्याचे ठरवले, तर आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचे आणि परवानगी असल्यास पाच दिवसांच्या आत प्रक्रिया पार पाडायची, असे नियम सांगतो. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गर्भ 32 आठवड्यांच्या पुढे गेला असतानाही, मंडळाने प्रतिकूल मत दिलेले असूनही परवानगी दिली आणि निवड त्या स्त्रीची आहे असे म्हटले. म्हणजे उद्याच ठरवा नाहीतर मुदत गेली, हा धाक आता बव्हंशी अनाठायी आहे.

कायदा परवानगी देतो, सल्ला देत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. काही व्यंगे ऐकायला भयंकर वाटली तरी दुरुस्त होतात. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळावर जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली, तर बहुतेक मुले चांगली वाढतात. अट एवढीच, की प्रसूती अशा शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाच्या जवळ व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष, दुभंगलेले ओठ, वाकडे पाऊल यांच्या मोफत उपचारांची तरतूद आहे, ती माहिती याच टप्प्यावर मिळायला हवी. आणि बाळ फार काळ जगणार नाही हे ठाऊक असूनही गरोदरपण पुढे न्यायचे असे एखाद्या आईने ठरवले, तर तो वेडेपणा मानू नये. डोहाळजेवण करायचे की नाही, जन्मल्यावर व्हेंटिलेटर लावायचा की बाळाला कुशीत घेऊन बसायचे, हे तिच्याशी आधीच बोलून प्रसूतीच्या कागदपत्रांत लिहून ठेवता येते.

गर्भपाताचा निर्णय झाला, तर पुढे काय होणार हे फार थोड्या जणींना सांगितलेले असते. विसाव्या आठवड्यानंतर ही बहुधा गोळ्यांनी आणलेली प्रसूतीच असते. कळा येतात, तास लागतात. या बाईला बाळंतिणींच्या वॉर्डात, दुसऱ्यांच्या पाळण्यांशेजारी खाट देऊ नये. तीन-चार दिवसांनी, घरी आल्यावर, छाती भरून येते आणि दूध येऊ लागते. कोणीच सावध केलेले नसल्याने तो क्षण अनेकींना प्रसूतीहून अधिक जड जातो. दूध थांबवणारे कॅबरगोलिन हे औषध प्रसूतीनंतर लगेच देता येते, मात्र रक्तदाब वाढलेला असेल तर ते देत नाहीत. तेव्हा घट्ट आधार देणारी ब्रा, थंड शेक आणि दूध न पिळणे यांवर भागवावे लागते. हे दोन वाक्यांत सांगून होते.

बाळाला पाहायचे का, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. पूर्वी झाकून लगेच दूर नेत. पाहिल्याने, हातात घेतल्याने दुःख हलके होते की वाढते, यावर झालेले अभ्यास एकमताचे नाहीत. म्हणून विचारावे, आग्रह करू नये आणि आज नको म्हटलेले उद्या हवे झाले, तर त्यालाही जागा ठेवावी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016च्या नियमांनुसार जगण्यायोग्य कालावधीच्या आतला गर्भ पिवळ्या पिशवीत जातो. लहान मुलांना पुरण्याची रीत असलेल्या आपल्या समाजात आईवडिलांना आधी न विचारता ती पिशवी बंद करू नये. वडिलांचे दुःख या साऱ्यात कुठेच नोंदले जात नाही. ते बिल भरतात, सह्या करतात आणि तिसऱ्या दिवशी कामावर जातात. नोकरदार आईला कायद्याप्रमाणे सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते, हेदेखील कित्येक कार्यालयांत तिलाच सांगावे लागते.

'दुसरं होईल की' हे वाक्य भेटायला येणाऱ्यांनी गिळून टाकावे, परंतु दुसरे होऊ शकेल का, याचे वैद्यकीय उत्तर मात्र आईवडिलांना हवे असते. त्यासाठी गर्भाची शवतपासणी आणि डीएनएचा नमुना जपून ठेवणे, हे दोन पर्याय प्रसूतीपूर्वीच त्यांच्यापुढे मांडावे लागतात, कारण नंतर ती संधी परत येत नाही. आई आणि वडील दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारांत एक असतो. मामाच्या मुलीशी लग्न होणाऱ्या घरांत हा हिशेब अधिक वेळा मांडावा लागतो. मज्जारज्जूच्या नळीचा दोष झालेला असेल, तर पुढच्या खेपेस गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक अ‍ॅसिडची मोठी मात्रा, आपल्याकडे 5 मिलिग्रॅमची गोळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात मोठ्या मात्रेमुळे हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटलेले दिसले होते. आणि कवटीच न बनण्यासारखी मोठी व्यंगे 12व्या-13व्या आठवड्याच्या सोनोग्राफीतही बहुतेक वेळा दिसत असल्यामुळे, अशा आईला पुढच्या वेळी विसाव्या आठवड्यापर्यंत जीव मुठीत धरून बसावे लागत नाही.